खाण्यापिण्यावरचे सनसनाटी माहितीपट : कोणता दावा धरायचा, कोणता सोडायचा?

अंबाझरी

नागपुरातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर सध्या दीड तासाचा एक माहितीपट फिरून राहिला आहे. नाव मुद्दाम देत नाही, नावानं शोधणारे वाढले की असल्या चित्रफिती आणखी वर येतात. परिणाम मात्र दिसतो आहे. घरात आणलेले तेलाचे पिंप लोक परत करताहेत, रेशनचा तांदूळ 'प्लास्टिकचा' म्हणून विकून टाकताहेत, मुलांची अंडी बंद झाली. काही ज्येष्ठ मंडळींनी मधुमेहाच्या गोळ्या सोडायचा विचार चालवला आहे, ही त्यातली सर्वांत काळजीची गोष्ट.

दावे उतरवून घेतले ते असे. रिफाइंड तेल म्हणजे रसायनात उकळलेलं विष. रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे. मिठात सायनाइड. भेसळीच्या दुधानं २०२५ पर्यंत ८७ टक्के भारतीयांना कर्करोग होणार, असा जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा. रोज एक अंडं म्हणजे पाच सिगारेटी. ब्रॉयलर कोंबडीला हार्मोनची इंजेक्शनं. मटणानं कर्करोग १८ टक्क्यांनी वाढतो. संत्र्यांत रंग टोचतात.

'सगळं थोतांड' किंवा 'सगळं खरं' अशा उत्तरांनी कोणाचं समाधान होत नाही. ज्याला जे नीट माहीत आहे त्यानं या धाग्यावर एकेक दावा घ्यावा, आकड्यानिशी.

सांख्यिकी

१८ टक्क्यांपासून सुरुवात करतो, कारण हा आकडा खोटा नाही आणि म्हणूनच जास्त फसवतो.

ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं प्रक्रिया केलेल्या मांसाला पहिल्या गटात, म्हणजे कर्करोगाचं कारण म्हणून पक्क्या ठरलेल्या गोष्टींत, टाकलं. दररोज ५० ग्रॅम असं मांस खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी जास्त, हा तो आकडा. आता त्याला चार प्रश्न विचारा.

कशामुळे? सॉसेज, सलामी, हॅम, बेकन यांमुळे. सावजीकडचं ताजं मटण यात येत नाही. ताजं लाल मांस २-अ गटात आहे, म्हणजे 'बहुधा कारणीभूत', आणि तिथला पुरावा तुलनेनं कमकुवत.

किती? दररोज ५० ग्रॅम, वर्षानुवर्षं. पंधरवड्यातून एकदा मटण खाणाऱ्याला हा आकडा लागू पडत नाही.

कशाच्या तुलनेत? १८ टक्के ही मूळ धोक्यावरची वाढ आहे. पाश्चात्त्य देशांत आयुष्यभरात हा कर्करोग होण्याची शक्यता साधारण १०० मध्ये ५. त्यावर १८ टक्के वाढ म्हणजे १०० मध्ये ६ च्या जवळ. शंभरातला एक माणूस जास्त. तो एक माणूस महत्त्वाचा आहेच, पण पडद्यावर '१८ टक्के' लाल अक्षरांत आलं की बघणाऱ्याला वाटतं शंभरातले अठरा जाणार. भारतात तर या कर्करोगाचं मूळ प्रमाणच बरंच कमी आहे.

चौथा प्रश्न, गटाचा अर्थ काय? पहिल्या गटात तंबाखूही आहे, म्हणून 'सलामी म्हणजे सिगारेट' असं दाखवतात. गट सांगतो पुरावा किती पक्का आहे. धोका किती मोठा आहे हे गटावरून कळत नाही.

माहितीपट बघताना टक्केवारी आली की चित्रफीत थांबवा आणि 'कशाच्या' एवढं विचारा. मूळ आकडा सांगितलाच नसेल तर तो दावा बाजूला ठेवा. खोटा ठरवू नका, फक्त बाजूला ठेवा.

रसायनी

मीठ. मिठाचे खडे होऊ नयेत म्हणून पोटॅशियम फेरोसायनाइड घालतात, हे खरं. नावात 'सायनाइड' आलं की पुढचं काही ऐकायची गरज राहत नाही, असं माहितीपटवाल्यांनी धरलेलं असतं. या संयुगात सायनाइड लोखंडाला इतकं घट्ट बांधलेलं असतं की पोटातल्या आम्लानं ते सुटून घातक होत नाही.

हिशेब करू. आपल्याकडे परवानगी किलोला १० मिलिग्रॅमपर्यंत. दिवसाला १० ग्रॅम मीठ, म्हणजे सांगितल्याच्या दुप्पट खाल्लं तरी पोटात गेलं ०.१ मिलिग्रॅम. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीची सुरक्षित मर्यादा शरीराच्या प्रत्येक किलोमागे ०.०२५ मिलिग्रॅम रोज, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १.५ मिलिग्रॅम. ती गाठायला दिवसाला १५० ग्रॅम मीठ खावं लागेल. तेवढ्या मिठानं माणूस आधीच दगावेल, फेरोसायनाइडची पाळी यायची नाही.

मिठातला खरा धोका सोडियमचा आहे. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, यात लोणचं, पापड, शेव, चिवडा, तर्री सगळं आलं. माहितीपटानं घाबरून 'नैसर्गिक' म्हणून बिनआयोडीनचं महागडं मीठ आणलं आणि मीठ तेवढंच खाल्लं, तर रक्तदाब होता तिथेच राहतो आणि आयोडीन मात्र जातं.

तेलघाणी

मिठाचं पटलं जी. पण तेलाचं काय? ते काढायला वापरतात ते हेक्झेन तर पेट्रोलच्या घराण्यातलं रसायन आहे ना? घाण्याचं तेल त्यापेक्षा चांगलंच असणार, असं आम्ही तरी लोकांना सांगून राहिलो आहे.

रसायनी

भाऊ, घाण्याचं तेल चांगलं असू शकतं. पण 'रिफाइंड म्हणजे विष आणि घाण्याचं म्हणजे अमृत' ही मांडणी विदर्भात तर फारच गैरलागू आहे, कारण आपल्याकडे सरकी, म्हणजे कापसाचं बी, आहे.

आधी हेक्झेन. सोयाबीन, तांदळाचा कोंडा यांत तेल कमी, म्हणून ते द्रावकानं काढतात. हेक्झेन सुमारे ६९ अंशांना उकळतं. नंतर तेलाचा वास काढताना निर्वात टाकीत २०० अंशांच्या वर तापवून त्यात वाफ सोडतात, तिथे उरलंसुरलं हेक्झेन उडून जातं. शुद्ध केलेल्या तेलात ५ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ५ भाग) जास्त राहता कामा नये, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे. प्रत्येक रिफाइंड तेल द्रावकानंच काढलेलं असतं असंही नाही. शेंगदाणा बहुधा आधी दाबूनच काढतात.

आता सरकी. कच्च्या सरकीच्या तेलात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. तेल काळपट लाल दिसतं ते त्यामुळे. कॉस्टिक सोडा मारला की गॉसिपॉल साबणाच्या गाळासोबत खाली बसतं आणि वर खाण्याजोगं तेल राहतं. सरकीचं तेल रिफाइंड करतात म्हणूनच ते खाता येतं.

शेंगदाण्याचंही तसंच. ओलसर साठवणुकीत दाण्यावर बुरशी येते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, यकृताच्या कर्करोगाचं हे सिद्ध झालेलं कारण. बहुतेक भाग ढेपेत, म्हणजे तेल काढून उरलेल्या चोथ्यात, जातो, पण न गाळलेल्या गढूळ तेलात बारीक कणांबरोबर काही उतरतं. रिफाइंड करताना सोडा आणि रंग शोषणाऱ्या मातीच्या प्रक्रियेत ते जवळजवळ सगळं निघून जातं. घाण्यावर ही पायरी नसते, म्हणून तिथे सगळी भिस्त दाण्यावर. घाणीवाल्यांनी नेमकं हे करावं : सुरकुतलेले, काळे पडलेले, आतून पिवळट-हिरवट बुरशी दिसणारे दाणे निवडून फेकावेत, ढेपेत घालून जनावरांनाही देऊ नयेत. दाणे खडखडीत कोरडे असावेत. तेल दोन-तीन दिवस स्थिर ठेवून निवळू द्यावं आणि मग कापडातून गाळावं. गिऱ्हाइकानं दाणे डोळ्यांनी बघून मगच तेल काढून घ्यावं.

जवसाचं वेगळं. त्यातलं निम्म्याच्या आसपास तेल ओमेगा-३ आम्लाचं, ते हवेनं आणि उष्णतेनं फार लवकर बिघडतं. तळायला वापरू नका. छोटी बाटली, अंधारी थंड जागा. चटणीवर, ज्वारीच्या भाकरीवर कच्चं घ्या. तैलरंगाचा वास येऊ लागला की टाकून द्या. तैलरंगात हेच तेल असतं, तो वास त्याच बिघाडाचा.

रिफायनिंगमध्ये खरोखर लक्ष ठेवण्यासारखी गोष्टही आहे. फार जास्त तापमानाला, विशेषतः पाम तेलात, ग्लिसिडिल एस्टर नावाची घातक संयुगं तयार होतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१६ मध्ये त्यावर इशारा दिला. आणि त्याहून जवळचा प्रश्न कढईतला आहे. तेच तेल पुन्हा पुन्हा तळायला वापरल्यानं त्यात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडल्यानं तयार होणारे पदार्थ, वाढतात. १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के आहे. तेल काळं, घट्ट झालं, तापायच्या आधीच धूर येऊ लागला, फेस कडेला न जाता मधेच साचला, की ते तेल संपलं. समोसे-कचोरीच्या दुकानात बघायचं तर हे बघा, पिंपावर 'रिफाइंड' लिहिलं आहे की नाही ते नव्हे.

धानपट्टा

रेशनच्या तांदळाबद्दल. ते दाणे प्लास्टिकचे नाहीत, पोषणयुक्त केलेले आहेत. तांदळाचं पीठ, त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून यंत्रातून तांदळाच्या आकारात दाबून काढतात आणि वाळवतात. १०० किलो साध्या तांदळात असा १ किलो मिसळतात. मार्च २०२४ पर्यंत सगळं रेशन याच तांदळावर आणलं गेलं. तयार तांदळात किलोमागे लोह २८ ते ४२.५ मिलिग्रॅम, असं प्रमाण ठरवलेलं आहे.

वेगळे का दिसतात? हे दाणे पिठापासून घडवलेले, म्हणून अपारदर्शक, कधी जरा पिवळट, कडा गोल. आत हवेचे बारीक बुडबुडे राहतात म्हणून काही तरंगतात. लोक नेमके तेच दोन-चार दाणे वेचून चित्रफीत काढतात.

घरी बघायचं तर काळ्या ताटलीत मूठभर तांदूळ पसरा, वेगळे दाणे वेचा. कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, बोटांत दाबा, पीठ होतं. आयोडीनच्या टिंक्चरचा एक थेंब टाका, निळंकाळं होतं, कारण स्टार्च आहे. प्लास्टिकचं यातलं काहीच होत नाही. भाताचा गोळा उसळतो हा पुरावा नव्हे, कोणत्याही चिकट भाताचा उसळतो.

भरपूर पाण्यात भात शिजवून पेज ओतून देऊ नका, त्यात पोषण जातं. आणि आपल्या भागासाठी विशेष : सिकलसेल किंवा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांचे जे रुग्ण वारंवार रक्त चढवून घेतात, त्यांच्या शरीरात लोह साचतं. त्यांनी हा तांदूळ किती खावा हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावं. गडचिरोलीपासून नागपूरपर्यंत सिकलसेलची कुटुंबं आहेत आणि माहितीपटात या मुद्द्याचा उल्लेखही नाही. विचारण्यासारखा प्रश्न हा होता, तो सोडून प्लास्टिक धरून बसले.

सांख्यिकी

दुधाचा ८७ टक्केवाला आकडा मीच घेतो. भारतात वर्षाला कर्करोगाचे नवे रुग्ण साधारण १४-१५ लाख. लोकसंख्या १४० कोटी. म्हणजे वर्षाला हजारी एक. यावरून काही वर्षांत ८७ टक्क्यांवर उडी कशी जाईल? तसा कोणताही इशारा दिलेला नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या भारतातल्या कार्यालयानं कळवलं आणि केंद्र सरकारनं ते जाहीरही केलं. तरी तो संदेश दरवर्षी परत येतो.

'६८ टक्के दूध भेसळीचं' हा दुसरा लाडका आकडा. तो २०११ च्या पाहणीतला, १,७९१ नमुन्यांचा. ६८ टक्के नमुने ठरवलेल्या दर्जाला उतरले नाहीत, हे बरोबर. त्यातला सर्वांत मोठा गट पाणी घातल्यानं घनपदार्थ घटलेल्या दुधाचा होता. डिटर्जंट ८ टक्क्यांच्या आसपास नमुन्यांत. पाणी घालणं ही फसवणूकच आहे, पण 'दर्जाला न उतरलेलं' आणि 'विषारी' यांची गल्लत केली की ६८ टक्के दूध विषारी होतं.

रसायनी

त्यानंतरची २०१८ ची पाहणी मोठी आहे, ६,४३२ नमुने. युरिया, डिटर्जंट, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी भेसळ सापडली फक्त १२ नमुन्यांत. अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा जास्त निघालं ५.७ टक्के नमुन्यांत, आणि ते खुल्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात जास्त.

हे अफ्लाटॉक्सिन येतं गोठ्यातून. बुरशी लागलेली सरकी ढेप, ओला कडबा, मक्याचा भरडा जनावरानं खाल्ला की दुधात उतरतं. दूध उकळून ते जात नाही. म्हणून गवळी ओळखीचा असेल तर त्याला भेसळीबद्दल विचारण्यापेक्षा ढेप कुठे ठेवता ते विचारा : जमिनीवर की फळीवर, भिंतीला टेकवून की हवेशीर, पावसाळ्यात किती दिवसांची आणून ठेवता. बुरशीचा वास येणारी ढेप थोडी थोडी मिसळून संपवणं हाच मुख्य घोटाळा.

घरच्या चाचण्या एफएसएसएआयनं छापलेल्या आहेत, पण त्या कुठे फसतात ते लोक सांगत नाहीत. डिटर्जंट : ५ ते १० मिली दुधात तेवढंच पाणी, जोरात हलवा. दाट, टिकणारा फेस आला तर शंका. साध्या दुधालाही पातळ फेस येतोच. स्टार्च : २-३ मिली दूध ५ मिली पाण्यात उकळा, पूर्ण गार करा, आयोडीनचे दोन-तीन थेंब, निळं झालं तर स्टार्च. गरम असताना टाकलं तर निळा रंग उमटतच नाही आणि दूध 'पास' होतं. युरिया : एक चमचा दुधात अर्धा चमचा सोयाबीनची पूड, हलवून पाच मिनिटं थांबा, तांबडा लिटमस अर्धा मिनिट बुडवा, निळा झाला तर युरिया. पूड कच्च्या सोयाबीनची हवी. भाजलेल्या दाण्यातलं एन्झाइम मेलेलं असतं, त्यानं युरिया असूनही कळत नाही.

आणि अफ्लाटॉक्सिन, शिसं, कीटकनाशकं यांतलं काहीही घरी कळत नाही. माहितीपटात कोणी ताटलीत दोन थेंब टाकून हळदीतलं शिसं 'पकडलं' असेल तर तो भाग तिथेच सोडून द्या.

विचारूका

सगळे मिळून कंपन्यांची वकिली करून राहिले असं वाटतं बाप्पा. माहितीपटवाले नसते तर या गोष्टी बाहेर आल्या असत्या का?

सांख्यिकी

आक्षेप रास्त आहे आणि त्याला पूर्ण उत्तर द्यायला हवं.

अन्न उद्योगानं विज्ञान विकत घेतल्याची उदाहरणं खरी आहेत. १९६७ साली एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात हार्वर्डच्या संशोधकांचा लेख आला, हृदयविकारात साखरेचा दोष कमी आणि चरबीचा जास्त दाखवणारा. त्यासाठी अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेनं सुमारे ६,५०० डॉलर दिले होते, ही कागदपत्रं २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याकडे २००३ मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश दाखवले, कंपन्यांनी उडवून लावलं, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये संयुक्त संसदीय समितीनं संस्थेचं म्हणणं उचलून धरलं. डिसेंबर २०२० मध्ये त्याच संस्थेनं मधाचे १३ ब्रँड तपासले, सगळ्या चाचण्यांत उतरले ३. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २०२२ पासून २ टक्के आहे, तीही ओरड झाली म्हणूनच.

पण ही उदाहरणं कशामुळे टिकली ते पहा. नमुने कुठून घेतले, किती घेतले, कोणत्या प्रयोगशाळेत, कोणत्या पद्धतीनं तपासले, सगळं उघड होतं. समितीनं पुन्हा तपासायचं ठरवलं तेव्हा तपासता आलं. या धाग्यातल्या माहितीपटात यातलं एकही नाही. आणि शेवटच्या दहा मिनिटांत डिटॉक्सचं चूर्ण विकायला आहे. पैसा कोणाचा हा प्रश्न कंपन्यांना विचारायचा तर चूर्णवाल्यांनाही विचारायला हवा.

संकलक

संकलनाच्या बाजूनं थोडं. मुलाखतीत तज्ज्ञाचा आवाज सुरू आहे पण चेहरा गेला आणि पडद्यावर परीक्षानळी किंवा कारखाना आला, की तिथे कात्री लागली असण्याची शक्यता धरा. वाक्यातला 'जर', 'उंदरांमध्ये', 'फार मोठ्या मात्रेत' असा तुकडा नेमका तिथे जातो. प्रश्न ऐकू येतो का बघा. प्रश्न कापलेला असेल तर 'हो, शक्य आहे' हे उत्तर कशाचं, हे कळायला मार्ग नसतो. चेहरा सलग दिसत असताना बोललेलं पूर्ण वाक्य, तेवढंच त्या तज्ज्ञाचं धरावं.

एकट्या माणसावरचा प्रयोग हा दुसरा प्रकार. 'सुपर साइझ मी' या २००४ च्या चित्रपटात मॉर्गन स्परलॉकनं ३० दिवस फक्त मॅकडोनाल्ड्सचं खाल्लं, वजन ११ किलोंनी वाढलं, यकृत बिघडल्याचं डॉक्टर सांगतात. रोज काय आणि किती खाल्लं याची पूर्ण नोंद त्यानं प्रसिद्ध केली नाही. २०१७ मध्ये त्यानं स्वतःच लिहिलं की कित्येक वर्षं तो सतत दारू पीत होता. यकृताचा निष्कर्ष तिथेच कोसळला.

पण गोष्ट इथे संपत नाही. स्वीडनमध्ये १८ निरोगी तरुणांना चार आठवडे दिवसातून दोनदा फास्टफूड देऊन आणि व्यायाम कमी करून नीट अभ्यास झाला, शेजारी तुलनेसाठी दुसरा गट होता. २००८ मध्ये तो छापून आला. सरासरी वजन ६ किलोंच्या वर वाढलं आणि यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एएलटी हे एन्झाइम २२ वरून ९७ वर गेलं. म्हणजे चित्रपटातला पुरावा कुचकामी होता, तरी मूळ शंकेत तथ्य निघालं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात आणि त्या वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत.

मेघना_आहार

अंडं आणि सिगारेट. यांना जोडणारा गाजलेला अभ्यास कॅनडातला, २०१२ चा. रक्तवाहिन्यांच्या दवाखान्यात आलेले १,२६२ रुग्ण, सरासरी वय साठीच्या पुढे. त्यांना आठवड्याला किती पिवळे बलक खाता ते विचारलं आणि त्याला वर्षांनी गुणलं. या मापात वय आपोआप मिसळतं, वय वाढलं की आकडा वाढतो, आणि वयाबरोबर रक्तवाहिन्यांतला थरही वाढतो. वयाचा परिणाम वजा करून दाखवला असला तरी व्यायाम आणि कमरेचा घेर यांची नोंद नव्हती. संशोधकांनी सारांशातच लिहिलं की हे गृहीतक आहे, पुढे नीट तपासायला हवं. माहितीपटात 'तपासायला हवं' गळून पडतं.

निरोगी माणसाला दिवसाला एक अंडं चालतं. मधुमेह, हृदयविकार किंवा आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा त्रास असेल तर आपल्या डॉक्टरांनी ठरवावं. रोज तर्री-पोह्यासोबत उकडलेली दोन अंडी खाणाऱ्यानं आधी तर्रीवरचा तेलाचा थर आणि वरची शेव मोजावी.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते. 'दोन आठवड्यांत मधुमेह बरा' असे प्रसंग दाखवतात. कर्बोदकं एकदम कमी केली की यकृत आणि स्नायूंतलं ग्लायकोजन संपतं. त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं, ते जातं, म्हणून काटा पहिल्या आठवड्यातच दोन-तीन किलो खाली येतो. उपाशीपोटीची साखरही उतरते, हे खरं. पण तीन महिन्यांची सरासरी सांगणारा एचबीए-१-सी दोन आठवड्यांत पुरता बदलू शकत नाही. तो आकडा दाखवला नसेल तर 'बरा' म्हणायला आधार नाही.

गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण एकदम घटवलं तर साखर धोकादायक खाली जाते : घाम, थरथर, गोंधळ, बेशुद्धी. आणि गोळ्या एकदम बंद केल्या तर उलट बाजूनं संकट. टाइप-१ मधुमेहात इन्सुलिन थांबवणं एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. आहार बदलायचाच असेल तर क्रम असा : आधी डॉक्टरांना सांगायचं, मग घरच्या ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी अशा नोंदी ठेवायच्या, त्या नोंदी बघून डॉक्टरांनी मात्रा कमी करायची. ज्या ज्येष्ठांचा उल्लेख वर आला आहे त्यांच्यापर्यंत धाग्यातलं बाकी काही पोचलं नाही तरी चालेल, हे पोचवा.

कळमना

संत्र्याचं थोडक्यात. संत्रं झाडावरून उतरवल्यावर पिकत नाही, गोडी असते तेवढीच राहते. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेर फुललेल्या मोहराची, फळं रात्री पुरेशा गार व्हायच्या आधी तयार होतात, म्हणून साल हिरवट पण आत रस गोड, हे नैसर्गिक आहे. साल पिवळी करायला ५ ते १० पीपीएम इथिलीन वायू बंद खोलीत सोडतात, नियमात १०० पीपीएमपर्यंत मुभा आहे. बंदी आहे ती कॅल्शियम कार्बाइडवर. फोडीत सुई टोचून रंग भरला तर तो त्या जागीच साचतो आणि भोकातून फळ एक-दोन दिवसांत सडतं. हजारो क्रेटचा व्यापार असा होऊ शकत नाही.

रसायनी

कोंबडीचंही थोडक्यात. ३५ ते ४२ दिवसांत दोन किलो होणं हे निवडक पैदास आणि मका-सोयाबीनच्या खाद्यामुळे. वाढीचं हार्मोन प्रथिन असतं, खाद्यातून दिलं तर पचून जातं, आणि प्रत्येक पक्ष्याला पुन्हा पुन्हा टोचणं कोणत्याही फार्मला परवडत नाही. खरा प्रश्न अँटिबायोटिकचा. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं औषध कोंबडीखाद्यात चालत होतं, जुलै २०१९ मध्ये त्यावर बंदी आली. हार्मोनची आवई उठली की लोक दुकानदाराला 'इंजेक्शन नाही ना?' विचारतात. तो 'नाही' म्हणतो आणि खरं बोलतो. अँटिबायोटिकचं कोणी विचारतच नाही.

अंबाझरी

खूप उपयोगी. एक राहिलं. एखाद्या दुकानाच्या मालाची खरोखर शंका असेल तर चित्रफीत पसरवण्याऐवजी सामान्य माणसानं काय करायचं?

ग्राहकराजा

अन्नसुरक्षा कायदा २००६, कलम ४०. कोणताही खरेदीदार शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून माल तपासून घेऊ शकतो. अट एक, आणि तिथेच बहुतेक तक्रारी अडतात : खरेदी करतानाच दुकानदाराला सांगावं लागतं की हा माल मी तपासायला देणार आहे. घरी आणून, उघडून, आठ दिवसांनी नेलेल्या पाकिटाला या कलमाचा आधार मिळत नाही. माल नियमबाह्य निघाला तर शुल्क परत मिळतं.

पक्कं बिल घ्या. पाकिटावरचा १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच, तारीख यांचे फोटो काढा. पाकीट सीलबंद ठेवा, दूध-पनीर असेल तर बर्फात न्या. आंबलेल्या नमुन्याचा निकाल काही सांगत नाही. हे नको असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयात लेखी तक्रार द्या. मग अन्नसुरक्षा अधिकारी स्वतः नमुना घेतो, त्याचे चार भाग करून सील करतो, आणि विश्लेषकाचा अहवाल १४ दिवसांत यायला हवा. खटल्यात हाच नमुना टिकतो.

खासगी प्रयोगशाळेत दिलं तर प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलची मान्यता आहे का, आणि नेमक्या त्या चाचणीसाठी आहे का, हे विचारा. प्रयोगशाळा मान्यताप्राप्त पण शिशाची चाचणी तिच्या यादीत नाही, असं होतं. २०१५ च्या मॅगी प्रकरणात शिशाचा आकडा १७.२ पीपीएम सांगितला गेला, मर्यादा २.५. मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्टमध्ये बंदी रद्द केली, त्यात प्रयोगशाळांची मान्यता हा एक मोठा मुद्दा होता. फेरतपासणीत नमुने मर्यादेत निघाले. माहितीपटात कोणी अहवालाचा कागद हलवून दाखवला तर त्यावर हे तीन आहेत का बघा : प्रयोगशाळेचा मान्यता क्रमांक, चाचणीची पद्धत, नमुन्याची बॅच.

तेलघाणी

जाता जाता एक. त्याच माहितीपटात लाखोळीच्या, म्हणजे खेसरीच्या, डाळीनं माणूस पांगळा होतो असं आहे. भंडाऱ्याकडे तर पिढ्यान्‌पिढ्या खातात. हे तरी खोटं ना?

धानपट्टा

नाही, हे खरं आहे, पण मात्रेसकट खरं. लाखोळीत ओडॅप नावाचं द्रव्य असतं, ते मज्जासंस्थेवर काम करतं. दुष्काळात दुसरं काही नसताना लाखोळी हेच मुख्य अन्न झालं, दोन-तीन महिने किंवा जास्त, तेव्हा पायांतली ताकद कायमची गेल्याची उदाहरणं मध्य भारतात नोंदलेली आहेत. त्यावरूनच १९६१ मध्ये विक्रीवर बंदी आली. धान निघाल्यावर ओलीवर पेरलेली लाखोळी घरात इतर डाळी, भात, भाजीपाल्यासोबत अधूनमधून शिजते, तिथे परिस्थिती वेगळी. रतन, प्रतीक, महातिवडा या नव्या वाणांत ओडॅप ०.१ टक्क्याच्या आत आहे, जुन्यांत त्याच्या कितीतरी पट असू शकतं. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी बंदी उठवण्यासाठी वर्षानुवर्षं लढले ते याच फरकाच्या आधारावर.

घरी शिजवायची तर डाळीवर भरपूर उकळतं पाणी ओता, काही तास ठेवा, ते पाणी फेकून द्या, पुन्हा धुवा आणि मग शिजवा. ओडॅप पाण्यात विरघळतं, त्यातला मोठा भाग असा निघून जातो. भिजवलेलं पाणी वरणात परत घालणं, ही नेमकी चूक. आणि रोजची एकमेव डाळ म्हणून वापरू नका. शंका घ्यायची ती इतवारी बाजारातल्या स्वस्त सुट्या बेसनावर घ्या, कारण त्यात लाखोळीचं पीठ मिसळतात आणि तिथे खाणाऱ्याला आपण किती खातो हेच माहीत नसतं. चण्याची डाळ आणून गिरणीवर समोर दळून घेतली की तो प्रश्न मिटतो.